मालडबा आणि इंजिनाचा किट: आधी चाल, मग चेहरा

प्रश्न असा आहे: "आम्ही खानापूरला राहतो. मॉडेल रेल्वेच्या एचओ मापाचा, वरून उघड्या बॉक्सएन मालडब्याचा प्लास्टिक किट जोडला. दिसायला छान झाला, पण वळणावर आणि सांध्यावर (गाडी मार्ग बदलते त्या पॉइंटवर) हटकून रुळावरून उतरतो. जूनमध्ये मारलेला रंगही पांढुरका पडला. पुढं इंजिनाचा किट घ्यायचा आहे. कुठं चुकलं, आणि पुढं कोणत्या क्रमानं जावं?"

चूक हाताची नाही, क्रमाची आहे. किटच्या कागदावर बहुतेक वेळा पहिल्या चित्रात बाजूच्या भिंती असतात आणि चाकं अगदी शेवटच्या चित्रात. त्या क्रमानं गेलं की डबा आधी सुंदर होतो आणि तो चालत नाही हे मग कळतं. तेव्हा शिड्या, ब्रेकच्या दांड्या, दारांच्या कड्या लागलेल्या असतात. डबा उलटा धरायलाही जागा उरत नाही. म्हणून आधी तळ आणि बोग्या (डब्याखालच्या चार-चार चाकांच्या फिरत्या गाड्या) पूर्ण करा, नुसता तळ रुळावर पळवून बघा, आणि मगच भिंती उभ्या करा.

मापं पाहू. खरी बॉक्सएन कपलर ते कपलर (डबे जोडणारे आकडे धरून) १०,७१३ मिमी लांब, ३,२०० मिमी रुंद आणि रुळापासून ३,२२५ मिमी उंच. दोन बोग्यांच्या केंद्रांत ६,५२४ मिमी, बोगीच्या दोन ॲक्सलमध्ये २,००० मिमी, आणि चाक १,००० मिमी व्यासाचं. एचओ म्हणजे १:८७, खऱ्याचा ८७वा हिस्सा. भागाकार केला की १२३.१, ३६.८, ३७.१, ७५, २३ आणि ११.५ मिमी येतात. हे सहा आकडे कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा आणि किटमधला तळ व्हर्नियर कॅलिपरनं तपासा. बोगी केंद्रांत एखादा मिमी फरक असेल तर चालवून घ्या. रुंदी ३८ च्या वर गेली असेल तर मात्र फलाटाच्या कडेला घासेल.

गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा, प्रश्न सगळ्यांनाच पडतो. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिमीचा. १:८७ मध्ये तो १९.३ मिमी होतो. बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ मिमीचा, कारण तो १,४३५ मिमी गेजसाठी आहे. सुरुवातीला १६.५ वरच राहा. हातानं १९.३ चे रूळ आणि सांधे घालणं हे वेगळं आणि मोठं काम आहे. मात्र या फरकाचा एक परिणाम लगेच भेटतो. किट करणाऱ्यानं बोगीच्या बाजू खऱ्या रुंदीला ठेवल्या असतील, तर एचओचा साधारण २५ मिमीचा टोकदार ॲक्सल आत सैल बसतो आणि चाकं डावी-उजवीकडं सरकतात. चाकं मागवण्याआधी बोगीच्या दोन खळग्यांच्या तळांमधलं अंतर मोजा. ते २६ च्या वर असेल तर ओओ या ब्रिटिश मापाचे २६ मिमीचे ॲक्सल घ्या. ॲक्सलला बाजूची सैल ०.२ मिमी पुरे. बोटानं ढकलल्यावर जेमतेम जाणवावी.

चाकं धातूचीच घ्या. प्लास्टिकची चाकं रुळावर काळा थर सोडतात आणि हलकीही असतात. एचओत सहज मिळतं ते १०.५ मिमीचं चाक. आपल्याला हवं ११.५. व्यासात १ मिमी कमी म्हणजे डबा अर्धा मिमी खाली बसणार, तेव्हा बोगी आणि तळ यांच्यामध्ये ०.५ मिमीचा वॉशर टाका. काम झालं.

आता उतरण्याचं कारण. ते बहुतेक वेळा या चारपैकी एक असतं, आणि तपासायचं याच क्रमानं.

पहिलं, चाकांमधलं आतलं अंतर. दोन चाकांच्या आतल्या तोंडांमध्ये १४.४ ते १४.५ मिमी हवं. १४.२ असेल तर चाक सांध्यातल्या गार्डरेलमध्ये अडकतं; १४.७ असेल तर सांध्याच्या नाकावर, म्हणजे दोन रूळ मिळतात त्या टोकावर, चढतं. डबा फक्त सांध्यावर उतरत असेल, वळणावर ठीक असेल, तर दोष बहुतेक इथंच. चाक ॲक्सलवर पिळत पिळत सरकवा, हातोडी मारू नका. व्हर्नियर नसेल तर १४.४५ मिमीचा पितळी ठोकळा लेथवर काढून घ्या. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही जॉबवर्कवाल्याला हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि तो ठोकळा जन्मभर पुरतो.

दुसरं, तळाला पीळ. काचवाल्याकडून ६ मिमी जाड काचेचा वीतभर तुकडा आणा. त्यावर डबा ठेवून आठही चाकांखाली पातळ कागदाची पट्टी सरकवून बघा. एखाद्या चाकाखालून पट्टी अलगद निघाली की ते चाक हवेत आहे. वळणावरून उतरणारं तेच.

तिसरं, बोगीचे स्क्रू. नव्या माणसाचं सर्वांत जास्त इथंच चुकतं, कारण तो दोन्ही स्क्रू सारखे आवळतो. दोन्ही घट्ट असले तर रुळातला बारीकसा उंचसखलपणाही एक चाक उचलतो. दोन्ही सैल असले तर डबा होडीसारखा डुलतो. एका बोगीचा स्क्रू इतका आवळा की बोगी वळेल, पुढं-मागं झुकेल, पण डावी-उजवीकडं डुलणार नाही. दुसरीचा स्क्रू त्याहून अर्धा फेरा सैल ठेवा, म्हणजे ती सगळीकडं झुकेल. असं केलं की डबा तीन टेकूंवर उभा राहतो. तिपाई कधी डुगडुगत नाही, चार पायांचं स्टूल डुगडुगतं. बोगीची बसायची जागा खडबडीत असेल तर हा हिशेब बिघडतो, म्हणून ती आधी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर सपाट घासून घ्या. स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये फिरवू नका. दोन-चार वेळा काढला-घातला की आटे झिजतात आणि सैल-घट्ट काही उरत नाही. मागं पितळी नट अरल्डाइटनं बसवा.

चौथं, वजन. अमेरिकेतल्या एनएमआरए या संस्थेची शिफारस एचओसाठी अशी आहे: २८ ग्रॅम, अधिक डब्याच्या दर इंच लांबीला १४ ग्रॅम. बॉक्सएनची कपलर सोडून लांबी ११२ मिमी, म्हणजे ४.४ इंच, वजन येतं सुमारे ९० ग्रॅम. नुसता किट चाकांसह काट्यावर ठेवला तर बहुतेक वेळा याच्या निम्म्यावर भरतो. झाकलेल्या डब्यात वजन लपवणं सोपं, उघड्या बॉक्सएनमध्ये ते तळातच घालावं लागतं. ११० × ३३ मिमी मापाची, १.५ मिमी जाड पोलादी पट्टी सुमारे ४३ ग्रॅम भरते. लेझर कटिंगवाल्याकडून अशा दहा-बारा पट्ट्या एकदमच कापून घ्या, म्हणजे पूर्ण रेकला (अख्ख्या मालगाडीला) पुरतील. पट्टीला आधी रेडऑक्साइड मारा. नाही तर लोंढा-खानापूरच्या पावसात ती वर्षभरात गंजते आणि गंज फुगून वरचं प्लास्टिक उचलतो. वर अर्ध्या मिमीचा प्लास्टिकचा पत्रा टाकला की पट्टी दिसत नाही. झाकलेल्या डब्याला टायरच्या दुकानातली चाक बॅलन्सिंगची चिकटपट्टीवाली ५ आणि १० ग्रॅमची वजनं उत्तम.

वजन चिकटवताना दोन गोष्टी कटाक्षानं टाळा. बंद डब्यात प्लास्टिक वितळवणारा गोंद वापरून वजन बसवू नका. वाफ आत कोंडते आणि काही महिन्यांनी भिंती आत ओढल्या जातात. तळाला ३ मिमीचं एक भोक ठेवलं तर हा धोका जातो. दुसरं, शिशाचे छर्रे फेविकॉलमध्ये भिजवून बंद पोकळीत भरू नका. शिसं आणि तो पांढरा गोंद यांच्यात हळूहळू रासायनिक क्रिया होते, गोळा फुगतो, आणि दोन-चार वर्षांनी इंजिनाचा बॉयलर किंवा टँक उकलतो. छर्रे घालायचेच तर अरल्डाइटमध्ये घाला.

चारही गोष्टी झाल्या की एक मीटर लांब फळीवर रूळ ठेवा आणि एक टोक २० मिमी उचला. डबा आपोआप सुटून टोकापर्यंत गेला पाहिजे. मध्येच थांबला तर खळग्यात प्लास्टिकचा कीस आहे किंवा ब्रेकशू चाकाला लागतो आहे. तेल घालायची घाई करू नका. टोकदार ॲक्सलला ते लागत नाही, उलट धूळ धरते.

कपलरबद्दल. भारतीय डब्याच्या कपलरची मध्यरेषा रिकाम्या डब्याला रुळापासून १,१०५ मिमीपर्यंत असते, एचओत १२.७. केडी या अमेरिकन कंपनीचे आणि त्या जातीचे कपलर ९.९ मिमीसाठी बनवलेले. डब्याचा तळ खऱ्या उंचीवर ठेवला तर कपलरची पेटी वर राहते. ज्याचं डोकं दांडीपेक्षा खाली असतं असा प्रकार मिळतो, तो घ्या, किंवा तळ आणि पेटी यांच्यामध्ये १ ते १.५ मिमीचा ठोकळा द्या. उंची ठरवा आणि सगळ्या गाड्यांना तीच ठेवा. अर्ध्या मिमीचा फरकही चढावर गाडी तोडतो. आणि बोगी पूर्ण वळवून बघा: तिची कड पेटीला टेकत असेल तर घट्ट वळणावर डबा उतरणारच, बाकी सगळं बरोबर असलं तरी.

भिंती जोडताना गोंद दोन तुकड्यांवर फासून दाबू नका. तुकडे कोरडे जुळवा, गुण्या लावून काटकोन बघा, मग पातळ सॉल्व्हंटमध्ये बुडवलेला ब्रश जोडाच्या आतल्या बाजूनं टेकवा. तो स्वतःच फटीत धावतो. एका बाजूची आणि एका टोकाची भिंत जोडून दोन 'एल' करा, ते चोवीस तास वाळू द्या, मग एकमेकांना आणि तळाला जोडा. चारी भिंती एका बैठकीत उभ्या केल्या की डबा गुण्यात राहत नाही. थ्रीडी छपाईच्या रेझिन भिंती पोटात वाकलेल्या येतात. त्या ६०-७० अंशांच्या गरम पाण्यात मिनिटभर बुडवून काचेवर वजनाखाली गार होऊ द्या, सरळ होतात. रेझिनला प्लास्टिकचा सॉल्व्हंट लागत नाही. तिथं अरल्डाइट किंवा फेविक्विक.

आता रंग. जूनमध्ये पांढुरका पडला, कारण लॅकर रंगातला थिनर झपाट्यानं उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेतला दमटपणा त्यावर दंवासारखा बसतो. तो थर रंगात अडकला की पांढरेपणा. नुसत्या थिनरचा एक हलका फवारा कोरड्या दिवशी मारला तर बऱ्याचदा तो परत विरघळून जातो. म्हणून आधी तोच उपाय करा, रंग खरवडायला घेऊ नका. फवाऱ्याचं काम शक्यतो दसऱ्यानंतर ते शिमग्यापर्यंत उरका. पावसाळ्यातच करायचं असेल तर लाकडी पेटीत छोटा बल्ब लावून डबा रंगाआधी आणि नंतर तासभर ठेवा. आतलं तापमान ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, रेझिनचे भाग वाकतात. कॉम्प्रेसर असेल तर नळीत पाणी अडवणारा फिल्टर हवाच. फेविक्विकची पांढरी धूरकट छटाही याच दिवसांत जास्त येते. काचा बसवायचं काम तेव्हा फेविक्विकनं करू नका.

डेकल (नंबर-अक्षरांची छापील पातळ फिल्म) लावण्याआधी त्या जागेवर चकचकीत वार्निशचा हात द्या, नाही तर पारदर्शक फिल्मखाली हवा राहून चंदेरी डाग दिसतो. नंबर मनानं घालू नका. आपल्या मालडब्याचा नंबर ११ अंकी असतो: पहिले दोन डब्याचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, पुढचे दोन बांधणीचं वर्ष, मग चार क्रमांकाचे, आणि शेवटचा पडताळणीचा. स्टेशनवर उभ्या डब्यावरून उतरवून घेतलेला नंबर सर्वांत चांगला.

माल भरायचा असेल तर एक गोष्ट फार थोडे जण पाळतात. बॉक्सएनची धारणक्षमता सुमारे ५८ टन आणि आतली जागा ५६ घनमीटरच्या आसपास. कोळसा हलका, तो काठोकाठ भरतो. लोहखनिज दर घनमीटरला दोन टनांच्या वर जातं, त्यामुळं होसपेटहून कॅसलरॉकमार्गे मुरगावला जाणारा खनिजाचा डबा निम्म्याच्याही खाली भरलेला असतो. काठापर्यंत खनिज दाखवलं तर जाणकाराला ते लगेच खटकतं. खनिजासाठी आपल्या भागातला जांभा दगड अगदी योग्य. कुटा, चहाच्या गाळणीतून गाळा, वरचा जाडसर भाग ठेवा आणि पीठ टाकून द्या. फोमच्या तुकड्यावर पसरून फेविकॉल एकास दोन पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालून ड्रॉपरनं सोडा. वाळलेला कण सुटत नाही ना बघा, आणि लोहचुंबक फिरवून चिकटणारे कण काढा. ते मोटरमध्ये गेले की मोटर संपली.

असे तीन डबे चालू लागल्यावर इंजिनाकडं वळा. इंजिनाचे किट दोन जातींचे. एकात नुसती बॉडी असते आणि चेसिस (मोटर-चाकांचा सांगाडा) तयार विकत घ्यायचं. दुसऱ्यात चेसिसही तुम्हीच बांधायचं. सुरुवात पहिल्यापासून करा. डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन याला सर्वांत सोयीचं: बफर ते बफर १७,१२० मिमी, म्हणजे १९६.८, चाक १,०९२ मिमी, म्हणजे १२.६. त्याच्या बोगीतल्या तीन ॲक्सलमधली अंतरं असमान आहेत. अमेरिकन आल्को आरएसडी-१२ आणि आरएसडी-१५ यांची बोगी याच घराण्यातली, तेव्हा चेसिस त्यांचं शोधा. सारख्या अंतराची बोगी लावली तर बॉडी कितीही नीट केली तरी चेहरा परका वाटतो. हुबळी शेडच्या डब्ल्यूडीजी-४ ची बॉडी घेत असाल तर चेसिस मागवण्याआधी बोगी केंद्रांतलं अंतर विचारून घ्या. "मोठं डिझेल आहे, बसेल" या भरवशावर पैसे घालू नका.

बेळगाव-मिरज मार्गाचा जुना मीटरगेज करायचा असेल तर १:८७ ला १२ मिमीचा रूळ लागतो. टीटी या एचओहून लहान मापाचाही गेज १२ मिमीच, त्यामुळं चाकं आणि यंत्रणा तिथून मिळू शकतात. मीटरगेजच्या वायपी इंजिनाचं मोठं चाक १,३७२ मिमी, म्हणजे १५.८; वायजीचं १,२१९, म्हणजे १४. ही वाफेची इंजिनं पितळी पत्र्याच्या किटमधूनच येतात, आणि इथं खरी कसोटी लागते.

पितळी पत्र्यात घडीची रेष अर्धी खोल कोरलेली असते. घडी घालताना ती रेष आतल्या बाजूला राहिली पाहिजे; नंतर आतून डाख (सोल्डर) वाहू द्या, नाही तर घडी पुन्हा उघडते. रिव्हेटचे ठिपके घडी घालण्याआधी मागून ठोकून घ्या. पत्र्याला १८८ अंशांचा डाख, बारीक तपशिलांना १४५ चा, म्हणजे दुसरं काम करताना पहिलं सुटत नाही. व्हाइटमेटलच्या ओतीव भागांना ७० अंशांवर वितळणारा वेगळा डाख आणि तापमान बांधता येणारी डाखायची इस्त्रीच (सोल्डरिंग आयर्न) लागते. साध्या इस्त्रीखाली घुमटाचा थेंब होतो. त्या डाखात शिसं असतं, कॅडमियमही असू शकतं. खिडकी उघडी ठेवा आणि हात धुतल्याशिवाय खाऊ नका. ते जमणार नसेल तर हळू वाळणारं अरल्डाइट पूर्ण पुरेसं आहे. रोज काम संपल्यावर कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश घेऊन फ्लक्स धुवा. उद्यावर टाकलंत तर आपल्या हवेत पितळ रात्रीत हिरवं धरतं आणि पुढं तिथूनच रंग सुटतो.

वायजीसारख्या आठ जोडचाकांच्या चेसिसमध्ये नियम एकच: ॲक्सलची भोकं चाकं एकमेकांना जोडणाऱ्या कपलिंग रॉडशी जुळली पाहिजेत, किटच्या कागदाशी नव्हे. दोन्ही बाजूंचे रॉड एकत्र डाखून भोकं एकदम सारखी करा, मग त्याच रॉडवरून बेअरिंगची जागा ठरवा. डाव्या आणि उजव्या क्रँकमध्ये ९० अंश हवेत. ते ८८ झाले तरी चालतं, पण चारही ॲक्सलवर तेच ८८ हवेत. रॉड एकेक जोडीनं चढवा आणि दरवेळी हातानं ढकलून बघा. फेऱ्यात एकाच जागी अडत असेल तर तिथल्या जोडीचं चाक कोनात चुकलं आहे. रॉडची भोकं मोठी करत सुटणं हा उपाय नाही. एक दशांश मिमी सैल पुरे, त्यापुढं इंजिन लंगडतं. मधल्या दोन ॲक्सलना बाजूला अर्धा मिमी सरकू द्या, म्हणजे वळण घेता येतं.

मोटर बसवताना वर्म आणि गिअर यांच्यात पातळ टिश्यू कागदाची पट्टी ठेवून स्क्रू आवळा आणि मग कागद ओढून काढा. जुळणी घट्ट असली तर गुरगुर आणि तापणं, सैल असली तर टकटक आणि झिजलेले दात. डीसीसी (रुळातून संदेश पाठवून इंजिनातल्या डिकोडरमार्फत ते चालवायची पद्धत) घालायचं तर मोटरचे दोन्ही ब्रश चेसिसपासून अलग हवेत, आणि १२ व्होल्टवर शाफ्ट क्षणभर रोखून प्रवाह मोजा. तो १ अँपिअरच्या वर जात असेल तर साधा एचओ डिकोडर जळेल. अधूनमधून शॉर्ट होत असेल तर खोलीत अंधार करून इंजिन वळणावर चालवा, ठिणगी जागा दाखवते. बहुतेक वेळा ब्रेकशू किंवा बोगीची तार चाकाला शिवत असते. नव्या इंजिनाला दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास मोकळं चालवा, भार नंतर.

भार किती, याचा हिशेब कॅसलरॉकच्या घाटावर घालून बघा. तिथं चढ ३७ ला १. मॉडेलमध्ये एक मीटरला २७ मिमी. ९० ग्रॅमचे दहा डबे म्हणजे ९०० ग्रॅम. चढासाठी २४ ग्रॅम ओढ आणि घर्षणासाठी साधारण १८, मिळून ४२. चारशे ग्रॅमचं, सगळी चाकं फिरणारं डिझेल आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकं ओढतं, म्हणजे ८०. त्यातले ११ ग्रॅम स्वतःला चढवण्यात जातात. उरतात ६९. दहा डबे आरामात, पंधराला काठावर, आणि वीस न्यायचे असतील तर खऱ्या घाटासारखं मागून दुसरं इंजिन लावावं लागेल. मागं बँकर लावलात तर रेकमधला सर्वांत हलका डबा मध्यभागी ठेवू नका, दोन्हीकडच्या दाबात तोच आधी उचलला जातो.